अचिएंगच्या बायोडेटातली दोन वर्षं

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सात वाजता मी टोरंटोजवळच्या मिल्टनमधल्या आमच्या बेसमेंटमध्ये लॅपटॉप उघडून बसले. बाहेर माझा नवरा मंदार स्नो शोव्हल करत होता आणि स्क्रीनवर केनियातल्या एका मुलींच्या शाळेत दुपारचे तीन वाजले होते...

शाळा होस्टेलची, म्हणून शनिवारीही वर्ग. दर पंधरा दिवसांनी मी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना स्काइपवरून नोकरीची तयारी शिकवते. बायोडेटा, इंटरव्ह्यू वगैरे. टोरंटोत अकरा वर्षं एचआरमध्ये काढल्यावर हे सगळं तोंडपाठ असतं.

त्या दिवशी सरावाचे इंटरव्ह्यू होते. त्यांच्या ओटिएनो सरांनी पहिलं नाव घेतलं, अचिएंग. उंच, शांत, वर्गात सगळ्यांत मोठी. तिच्या बायोडेटात मधली दोन वर्षं कोरी होती. मी सवयीने विचारलं, "या दोन वर्षांत काय केलंस?"

खरं सांगू? हाच प्रश्न आठ महिने मला लोक विचारत होते. ले-ऑफ झाल्यापासून प्रत्येक इंटरव्ह्यूत मी "कन्सल्टिंग करत होते" असं पुटपुटायचे. मुलींनाही तेच शिकवलं होतं... गॅप असेल तर एका वाक्यात उरका आणि विषय बदला.

अचिएंगने विषय बदलला नाही.

"आई आजारी पडली, मॅडम. तिचं शिवणाचं दुकान आहे. ते बंद पडलं असतं तर भावंडांची शाळा सुटली असती. म्हणून मी माझी शाळा थांबवली आणि मशीनवर बसले."

"शिवण येत होतं तुला?"

"नाही. पहिले तीन शर्ट उसवून पुन्हा शिवले. मग जमलं." तिने सरांना खूण केली. सरांनी लॅपटॉप उचलून वर्गाकडे फिरवला. "पहिल्या दोन रांगा बघा, मॅडम. त्यांचे युनिफॉर्म मी शिवलेत."

चित्र अडखळलं, मग स्थिर झालं. निळे शर्ट, पांढऱ्या कॉलर. एक मुलगी हसत उठली आणि तिने गिरकी घेऊन दाखवली. मग दुसरी... मग अख्खी रांग.

ज्या शाळेत तिला जाता येत नव्हतं, त्याच शाळेचे युनिफॉर्म ती दोन वर्षं शिवत होती!

सीरियलचा बाऊल घेऊन माझी रेवा मागे येऊन उभी राहिली होती. "आई, शी मेड ऑल ऑफ देम?" मी नुसती मान हलवली.

"आई कशी आहे आता?" मी अचिएंगला विचारलं.

"बरी आहे. आता ती मशीनवर, मी इथे."

मग मी मुलींना सांगितलं, गॅपबद्दल मी जे लिहून दिलं होतं ते खोडून टाका. बत्तीस पेनं एकदम चालली.

पुढच्या गुरुवारी माझा इंटरव्ह्यू होता. आठ महिन्यांचा प्रश्न आलाच. मी सरळ सांगितलं... नोकरी गेली, पहिला महिना अंथरुणातून उठवत नव्हतं, आता केनियातल्या मुलींना शिकवते. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढची वीस मिनिटं आम्ही त्या मुलींबद्दलच बोललो.

ती नोकरी मला मिळाली नाही. पण घरी येताना ट्रेनमध्ये पहिल्यांदाच रडू आलं नाही.

काल वर्गात हे सगळं सांगितलं. मग अचिएंगने विचारलं, "पुढचा इंटरव्ह्यू कधी आहे, मॅडम?"

मंगळवारी आहे. बत्तीस मुली माझ्यासाठी प्रार्थना करणार आहेत म्हणे... इतकी माणसं पाठीशी घेऊन मी आजवर कुठल्याच इंटरव्ह्यूला गेले नव्हते.