सव्वीस तासांचा जिना

इमारतींचे आराखडे करून देणाऱ्या त्या ऑफिसात नानांना पाठीमागे सगळे तासमास्तर म्हणत. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून एकोणीस वर्षं झाली आणि एकही तारीख चुकली नाही. याचं श्रेय ते आपल्या जाडजूड वहीला देत. कोणत्या नकाशाला किती तास लागतात, ते तिच्यात लिहिलेलं. ग्राहकाने "कधी द्याल?" विचारलं की नाना वही उघडत, बेरीज करत आणि तारीख सांगून मोकळे होत. वहीत आलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

माणूस सज्जन. शुक्रवारी सगळ्यांचे तासांचे तक्ते गोळा करताना एखादा आकडा मोठा दिसला, तर चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणायचे, "एवढे?" त्यात राग नसे, नुसती चौकशी. निदान नानांना तरी तसं वाटे.

नव्या मुलीने जिन्याच्या नकाशांना एकेचाळीस तास लिहिले. वही म्हणत होती सव्वीस. नानांनी "एवढे?" विचारलं, तर ती भाबडेपणाने "हो ना, नाना" म्हणाली आणि पुढच्या जिन्यालाही तेवढेच लिहून मोकळी झाली. तिचं प्रोबेशन संपत आलं होतं. साहेब म्हणाले, "हात फारच जड आहे हिचा. सोमवारी शेरा लिहून द्या, नारळ देऊ तिला." घरात ती एकटीच कमावणारी, हे नानांना ठाऊक होतं. दोन दिवस त्यांना घास गोड लागेना.

निदान तिला एखादी युक्ती तरी मिळेल म्हणून ते बंधूकडे गेले. बंधू म्हणजे ऑफिसातला सर्वांत जुना ड्राफ्ट्समन. वहीतले सव्वीस तास त्याचेच.

"बंधू, सव्वीस तासांत जिना कसा बसवतोस रे? तिला जरा दाखव ना."

बंधू हसला. मग नानांचा चेहरा बघून हसायचा थांबला.

"नाना, खरंच विचारताय? अहो, सव्वीस तासांत जिना कुणाच्या बापाला जमणार? उरलेला घरी करायचो, सुट्टीच्या दिवशी."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिले होते की, चाळीस. तुम्ही म्हणालात, 'एवढे?' पुढच्या खेपेला तीस लिहिले, तरी तेच. सव्वीसवर आलो तेव्हा कुठे तुम्ही गप्प बसलात. ते वहीत चढले आणि मग सगळ्यांच्याच मानगुटीवर बसले. सगळेच घरी करतात, नाना. आम्हाला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे." मग तो म्हणाला, "पोरीने शाळेत चार नाटकांत कामं केली. मी एकही पाहिलं नाही. आता ती स्वतःच शाळेत शिकवते."

नाना जागेवर येऊन बसले. ज्या वक्तशीरपणाची जन्मभर मिरवणूक काढली, तो दुसऱ्यांच्या घरांतून उचलून आणलेला होता. कान तापेपर्यंत लाज वाटली त्यांना.

सोमवारी त्यांनी शेऱ्यात दोनच ओळी लिहिल्या: 'हिचे तास बरोबर आहेत. माझी वही चुकीची आहे.'

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "मग नाना, चालू कामाच्या तारखेचं काय?"

"चुकणार. अठरा दिवसांनी. ग्राहकाला फोन मीच करतो."

"एकोणीस वर्षांत कमावलेलं नाव आहे तुमचं!"

"ते माझ्या एकट्याच्या कमाईचं नव्हतं, साहेब."

साहेबांनी पेन्सिल टेबलावर आपटली. मग कुरकुरत का होईना, मुलीला कायम केल्याच्या पत्रावर सही केली.

पत्र द्यायला नाना स्वतः तिच्या टेबलाशी गेले. तिने ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. आपली नोकरी कशावरून जायची वेळ आली होती, ते एव्हाना कुणीतरी तिच्या कानावर घातलं असावं.

"नाना, शब्द देते तुम्हाला," ती घाईघाईने म्हणाली, "या शुक्रवारपासून मीही सव्वीसच लिहीन."

"खबरदार!" नाना एवढ्या मोठ्याने ओरडले, की अख्खं ऑफिस माना वर करून बघू लागलं.