दाराकडे तोंड केलेल्या चपला

भाताच्या पेंढ्याचा वास आला की मला मुळशीतली खाचरं आठवत नाहीत, जपानमधलं एक घर आठवतं. तिथल्या चटयांना अगदी असाच वास होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील कारखान्याच्या प्रशिक्षणासाठी तिकडे होते. चैत्रात आई आणि मी आठवडाभर त्यांच्याकडे गेलो. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एकाने आम्हाला घरी जेवायला बोलावलं. दारात चपला काढून आत गेलो आणि मी मागे वळून पाहिलं, तर त्याची म्हातारी आई गुडघ्यांवर बसून आमच्या चपला उचलत होती, त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवत होती.

आई धावलीच. "अवं आजी, ऱ्हाऊ द्या! हात नका लावू!"

म्हातारीला काय कळणार? ती हसली आणि उरलेली चपलही नीट जुळवून ठेवली. पाहुण्यांना निघताना सोपं जावं म्हणून तिथे तशी रीतच आहे, असं वडिलांनी सांगितलं.

जेवताना आईने दोनच घास खाल्ले. मला वाटलं, तिला जेवण आवडलं नाही.

आईच्या माहेरी, वरच्या आळीतून जाताना आमच्या लोकांना चपला काढाव्या लागत, हे मला फार उशिरा कळलं. माझी आजी तिथून जायची ती एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात लहानग्या आईचा हात धरून.

त्या दिवशी निघताना आई दारात बराच वेळ खाली बघत उभी होती. वडील म्हणाले, "चल की."

"थांबा वाईच," ती म्हणाली, "चपला घालतीया."

चपला तर केव्हाच तिच्या पायात होत्या.