जड चाक

आमचा मामा गिअरबॉक्सचा मिस्त्री. गाडीनं जागेवरून उसळी मारावी म्हणून लोक त्याच्याकडे यायचे. तो इंजिनामागचं फ्लायव्हील नावाचं जड चाक काढून हलकं बसवायचा आणि गाडी बाणासारखी सुटायची. त्याची स्वतःची मात्र गोगलगाय! "दिव्याखाली अंधार," मी चिडवायचो.

एका दुपारी त्यानं मला मागच्या सीटवर बसवलं. पुढे मामी होती. पाठदुखीमुळे तिला अंथरुणात झोप लागत नसे. गाडी इतकी अलगद निघाली की झाडंच चाललीत असं वाटलं. मामीचे डोळे मिटले. "हलक्या चाकानं धक्का बसतो रे," मामा कुजबुजला.

मामी जाऊन दोन वर्षं झाली. परवा सवयीनं मागेच बसून मी म्हटलं, "आता तरी हलकं बसव की!"

मामानं शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.