सरांचं गाणं

मी मोठ्या मनाची बाई नाही, हे आधीच सांगते.

नव्वदच्या दशकात विद्यापीठातला सामाजिक न्यायावर संशोधन करणारा आमचा गट शिरड शहापूरकडच्या माझ्याच बंजारा तांड्यावर यायचा. बायका गोरमाटी बोलीत बोलायच्या, आणि गटप्रमुख सरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. दोन वर्षं उन्हातान्हात बसून एकेकीचं बोलणं मी मराठीत उतरवलं. पुस्तकावर दोघांचं नाव राहील, असा सरांनी शब्द दिला होता.

पुस्तकावर एकट्या सरांचं नाव आलं. आभारात जीपच्या ड्रायव्हरचं नाव होतं, आणि मी नुसती ‘एक स्थानिक मुलगी’. आईला अक्षरओळख नव्हती. तिनं कौतुकानं विचारलं, तुझं नाव कुठंय? मी तिचं बोट ड्रायव्हरच्या नावावर ठेवलं. त्या दिवसापासून मी डूख धरला.

पुढच्या वर्षी सर टेपरेकॉर्डर घेऊन आले. सेमिनारसाठी त्यांना बायकांची गाणी हवी होती. मी आधीच जाऊन बायकांना सगळं सांगितलं, आईला ड्रायव्हरचंही सांगितलं. आमच्यात लग्नात नवरदेवाला गाण्यातून शिव्या घालतात. बायकांनी सरांनाच नवरदेव केलं, आणि पहिली ओळ आईनं उचलली. सर मान डोलवत टेप करत राहिले; गाण्यात आपलं नाव ऐकून त्यांना तो मानच वाटला. परतताना त्यांनी अर्थ विचारला. अन्यायाविरुद्धचं गाणं आहे, असं मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं. सर खूश झाले. सेमिनारमध्ये अर्थ तूच सांग म्हणाले.

भरल्या सभागृहात टेप लागली आणि मी माईकवर एकेक ओळ मराठीत सांगत गेले.

"वहीवाला आला, आमचं रडणं पिशवीत भरून नेलं. पोरीच्या जिभेवर बसून आला, पोरीचंच नाव गिळलं. असल्याला पाणीसुद्धा विचारू नका."

पुढच्या ओळीत सरांचं नाव होतं. तेही मी सांगितलं. आधी मागची पोरं हसली, मग पुढची रांग. सरांनी स्वतः उठून टेप बंद केली. मला इतकं गार वाटलं की काय सांगू.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "तुला मी घडवलं, अन् तू असं करते?"

"अर्थ बराबर नसेल तर सांगा, सर."

माझी पीएच.डी. तिथंच संपली. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. पण आमच्या तांड्यावर लग्नात ते गाणं अजून म्हणतात, आणि सरांचं नाव घ्यायला एकही बाई विसरत नाही.