हिरव्या थराखालची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — रेखाला सोडून. आणि तिलाही गेल्या रविवारीच. आता तुम्हाला सांगते.

सेलूत माझा छोटा कारखाना आहे. लाईट आली की शेतातली मोटार आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच आम्ही बनवतो. आतले सर्किट बोर्ड आमच्या आराखड्याप्रमाणे पुण्याहून बनवून येतात. त्यांवर सुटे भाग बसवून कथिलाने डाग द्यायचं काम इथल्या बायका करतात. रेखा त्यांतली सगळ्यांत जुनी.

मी शिस्तीची बाई. काय मागवायचं, काय तपासायचं, सगळं आदल्या दिवशी ठरलेलं. बोर्डवाले ऑर्डर घेतानाच विचारतात — प्रत्येक बोर्डात वीज सोडून तो तपासून पाठवायचा का? त्याचे पैसे वेगळे. मी दर वेळी हो म्हणायचे. काही वर्षांपूर्वी एका खेपेला नाही म्हटलं. का? हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांआधी माल दुकानांत पोचवायचा होता, आणि आधी कधी खोट निघाली नव्हती. एवढंच.

माल गेला तसा परत येऊ लागला. मोटारी सुरूच होईनात. आमचा मोठा दुकानदार कारखान्यात आला आणि सगळ्यांसमोर विचारू लागला, चूक कुणाची? मी एक बोर्ड खिडकीपाशी धरला. विजेच्या दोन वेगळ्या वाटा जोडणारी केसासारखी रेघ दिसली. डाग देताना कथिल पसरलं तरी अशीच रेघ पडते. पण कथिल बोर्डावरच्या हिरव्या थराच्या वर बसतं, नखाला लागतं. ही थराखाली होती. तांब्याची. म्हणजे बोर्ड आला तोच तसा. मला नंतर कळलं, असं लिहिणार होते — पण नाही. त्याच क्षणी कळलं.

आणि मी म्हटलं, "रेखाचा हात घसरला."

ती आठवड्याभरात काम सोडून जवळच्या चारठाण्याला गेली, शिवणकाम करू लागली. मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर बोलावं लागलं असतं ना? पुढे प्रत्येक खेपेला तपासणीचे पैसे भरले — आणि तीही माझी दूरदृष्टी म्हणून मिरवली.

यंदा नव्या बोर्डाची ऑर्डर देताना माझ्या मुलीने विचारलं, एवढ्या खेपांत एक खोट नाही, मग तपासणी कशाला? साधा प्रश्न. पण त्याचं खरं उत्तर आधी रेखाला द्यायला हवं होतं.

रविवारी चारठाण्याला गेले. दारातच सगळं सांगितलं. रेखाने मशीन थांबवलं.

"मला वाटलं, माझाच हात गेला. तवापासून डाग द्यायला बसले न्हाई मी, ताई."

 मग म्हणाली, "सेलूची गाडी तर रोज येती की. इतकी वर्सं का न्हाई आलात?"

चहा घेताना मी तिला कामावर परत बोलावलं. नवा बोर्ड केवढा, भाग किती जवळजवळ, हे तिने बारकाईने विचारलं. मी पिशवीतून नमुना काढून दिला. ती तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली.

"येते मी. पण ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर सांगा."

उद्या दुकानदाराला बोलावलं आहे. बायका असतील, मुलगीही. रेखा सकाळच्या गाडीने येते आहे. मी उभी राहून सांगणार आहे — तपासणी मी टाळली, खोट बोर्डातच होती, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.