वारा सरेपर्यंत

शाळेत मी विज्ञान शिकवते. घास अन्ननलिकेतून जठरात, तिथून लहान आतड्यात, मग मोठ्या आतड्यात. स्नायू आवळतात, सैल होतात, घास पुढे सरकतो. हे सगळं मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते. पण नारायणगावच्या दवाखान्यात सासऱ्यांच्या खाटेशी बसले, तेव्हा त्या ज्ञानाचा काडीचा उपयोग झाला नाही.

त्यांच्या आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन करून तो सोडवला. डॉक्टर म्हणाले होते, "हात लागला की आतडी निपचित पडतात. पुन्हा हलायला लागली की वारा सरेल. तोवर पाण्याचा थेंब नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "आज थोडा आवाज येतोय. पण संध्याकाळपर्यंत वारा सरला नाही, तर पुण्याला हलवू. पोट पुन्हा उघडावं लागेल कदाचित."

माझं धाबं दणाणलं. रात्रभर जागलेला नवरा जनावरांचं बघायला गावी, आण्याला गेला होता. मी स्टूल ओढून खाटेला चिकटले ते उठलेच नाही. चहालासुद्धा नाही. भेटायला आलेली गावची मंडळी शहाळं पुढे करत होती. "उलीसं पाजा, काय व्हतंय!" मी सगळ्यांवर खेकसले. सुकलेले ओठ ओल्या कापसाने पुसत राहिले आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत राहिले.

वारा सरला का, हे त्यांना तोंडावर विचारायची सोय नव्हती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी ते खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. मी समोर असेन तर बाजेवर आडवेही होत नाहीत. आता तर ते भिंतीकडे तोंड करून अंग चोरत होते. कपाळावर घाम होता. दुखत असेल म्हणून मी स्टूल आणखी पुढे सरकवलं.

दुपारी फरशी पुसायला आलेल्या मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"ताई, तुमी लेक का सून?"

"सून."

"मंग सकाळधरनं हितं काय बसलाय? उठा आधी!"

"असं सोडून जाऊ? तिसरा दिवस आहे हा!" मी तडकले.

"आवो, म्हाताऱ्यानं पोट आवळून धरलंय. दिसंना का?"

मी वळून पाहिलं. सासऱ्यांनी डोळे गच्च मिटले होते. कान लाल झाले होते. भिंतीलाच सांगावं तसं ते पुटपुटले, "पोरी, च्या पिऊन ये जा."

मला असा संताप आला! तीन दिवसांचा तहानलेला माणूस, पोट पुन्हा फाडायची वेळ आली तरी सुनेपुढे मर्यादा सोडत नाही. आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. सेवा सेवा म्हणत मीच त्यांच्या उरावर बसले होते.

बाहेर आले. दार लोटून घेतलं. 

मग ऐकू आलं. लांबलचक, दणदणीत. व्हरांड्यातली माणसं फिदीफिदी हसली आणि मी तोंडाला पदर लावून रडले.

धावत आत जाणार होते, पाणी कधी देता येईल ते सिस्टरला विचारणार होते. हात दारावर ठेवला आणि थांबले. मग दारातच मी खाकरले.

आतून आवाज आला, "ये."