कोऱ्या पानांवरच्या सह्या

आणि वर मलाच म्हणतात, सही तर तुझीच हाय की...

व्हय, माझीच हाय. मी कधी न्हाय म्हणलो? दोन महिने वस्तीच्या ग्रुपवर हेच चाललंय, म्हणून आज सगळं एकदाच इथं लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळू दे.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. इंदापूर तालुक्यात, कॅनॉलच्या कडेला. दोन खोल्या, सत्तावीस पोरं, एक सर आणि एक मॅडम. माझी स्वरा तिथं दुसरीत आहे. मी स्वतः सहावीतच शाळा सोडली, वर्गात बूडच टेकायचं नाही... आता राजस्थानात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो.

शाळेला पालकांची एक समिती असते. महिन्याला मीटिंग, झालेला ठराव वहीत लिहायचा, खाली सदस्यांच्या सह्या. मागल्या वर्षी कोणी तयार होईना म्हणून माझं नाव घातलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. ज्या शाळेतून पळून जायचो तिथंच सदस्य.

पण मी इथं आणि मीटिंग तिथं. दिवाळीला गेलो तेव्हा सर म्हणाले, जाताना वहीवर सह्या करून जा, म्हणजे अडायला नको. सगळेच तसं करत होते. कारखाना सुरू झाल्यावर ऊस सोडून मीटिंगला येतंय कोण... समितीत बायका होत्या त्यांच्याकडं वही घरी जायची आणि नवरे पानावर बोट ठेवून सांगायचे, हितं कर.

मी बाहेर गाडी चालूच ठेवली आणि उभ्या उभ्या बारा पानांवर सह्या ठोकल्या. सगळी पानं कोरी. माझी सही तेवढी झोकात आहे, खाली रेघ आणि दोन टिंबं.

संक्रांतीनंतर रेश्माचा, म्हणजे बायकोचा, फोन आला. मॅडम गेल्या. पगार आमच्या शाळेतून निघणार, पण शिकवणार दुसऱ्या मोठ्या शाळेत. याला कामगिरीवर पाठवणं म्हणतात. आणि समितीनंच म्हणे 'हरकत नाही' असा ठराव दिलाय.

मी तापलो. सरांना फोन लावला, नाही नाही ते बोललो. त्यांनी फक्त वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वरती सरांच्या अक्षरात ठराव, खाली माझी रेघ आणि माझी दोन टिंबं.

सर म्हणाले, "वरून फोन आला, संध्याकाळपर्यंत ठराव पाठवा. सह्या होत्याच, मी लिहून टाकलं. तुम्हा कुणालाच विचारलं नाही ही माझी चूक. पण दत्ता, कोऱ्या पानावर सही करताना तू तरी विचारलंस का, वर काय लिहिणार म्हणून?"

मी फोन ठेवला.

तेव्हापासून चारी वर्ग एका खोलीत, एका सरांपुढं. वर खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सगळं त्यांच्याच गळ्यात. आधी स्वरा रोज मला फोनवर धडा वाचून दाखवायची. आता महिनाभर एकच धडा वाचतीय. पुढचा वाच म्हटलं तर म्हणाली, "पप्पा, त्याच्या पुढचा शिकवलाच न्हाय अजून."

त्या दिवशी ठरवलं. ग्रुपवर भांडत बसायचं नाही, मीटिंग लावायची. खरीखुरी, माणसं समोर बसवून.

मागच्या शनिवारी सकाळी ती झाली. पालकसभाच बोलावली होती. मी इथं मुरमाच्या ढिगावर चढून व्हिडिओ कॉल लावला, खाली रेंज नसते. आमचे अध्यक्ष तात्या आल्या आल्या म्हणाले, "तू तिकडं मातीत, तुला हितलं काय कळतंय?"

मी म्हटलं, "तात्या, तुमी तर हितंच व्हता. तुमाला तरी कळलं का?"

सगळे हसले. तात्यापण हसले.

मी सांगितलं, माझं नाव काढा आणि रेश्माला घ्या. ती दहावी पास आहे आणि वस्तीवरच असते. मला वाटलं ती नको म्हणेल... तर ती पुढं येऊन बसली आणि सरांना म्हणाली, "आधी लिवा, मग वाचून दावा, मग सही."

मॅडमना परत पाठवा, असा ठराव सरांनी लिहिला आणि वाचला. रेश्मानं थांबवलं. "कधीपर्यंत ते टाका की सर. तारीख नसली तर पुढच्या वर्सापर्यंत वाट बघत बसू आमी." तारीख पडली. मग बायकांनीपण एकेकीनं स्वतः वाचून सही केली. सगळ्यात हळू तात्यांनी वाचलं.

शेवटी रेश्मानं वही मागून घेतली. सह्या केलेली सात पानं अजून कोरीच होती. तिनं पट्टी लावून एकेका पानावर तिरकी रेघ मारली. फोनच्या स्क्रीनवर माझी सही सात वेळा कापलेली बघितली... एवढं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

आता सोमवारी समितीतल्या पाच बायका तो ठराव घेऊन इंदापूरला शिक्षण खात्याच्या साहेबांना भेटायला जाणार आहेत. सरांना जायचं होतं, पण शाळेत दुसरं कोण नाही. साहेब एका भेटीत ऐकतील असं मला वाटत नाही. पण बायका म्हणतायत, मॅडम येईपर्यंत जाऊ.

एसटीला बायकांना हाफ तिकीट आहे. जाणं-येणं, झेरॉक्स, चहा, सगळं धरून रेश्मा म्हणाली साडेतीनशेत भागतंय. मी दोन खेपांचे पाठवतोय. सातशे रुपये.